बिनसारथ्याची मोटार

३ जानेवारी १९६४ च्या रात्री अमेरिकेतील सी. बी. एस. या संस्थेच्या दूरचित्रवाणी-प्रेक्षकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. उपनगरातील एका शांत रस्त्यावरून एक मध्यमवयीन गृहस्थ जीव मुठीत धरून धावत आहे आणि त्याच्या पाठीशी त्याची स्वतःचीच मोटार लागली आहे. मोटारीत कोणी नाही. गृहस्थ अडखळून पडतो. मोटार त्याच्या अंगावर येते आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबते. मग तिचे दार उघडते. गृहस्थ मुकाट्याने आत जाऊन बसतो. मोटार त्याला जेथे नेऊन सोडते ते ठिकाण म्हणजे पोलीस ठाणे.

'ट्वायलाइट झोन' या गाजलेल्या मालिकेतील 'यू ड्राइव्ह' नावाचा हा भाग अर्ल हॅम्नर यांनी लिहिला होता. त्या काळी भारतात दूरचित्रवाणी म्हणजे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेला एक लहानसा प्रयोग होता आणि मुंबईला तर २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे ही कथा त्या वेळी मराठी घरांत पोहोचली नाही, यात नवल नाही. आज मात्र अमेरिकेतील आणि चीनमधील काही शहरांत चालकावाचून धावणाऱ्या मोटारी भाडे घेऊन उतारूंची ने-आण करू लागल्या आहेत. आणि म्हणूनच त्या जुन्या कथा पुन्हा काढून पाहण्याजोग्या झाल्या आहेत. यंत्राविषयी त्यांनी बांधलेले अंदाज बहुतेक चुकले. परंतु त्यांनी विचारलेला एक प्रश्न अद्याप सुटलेला नाही. सारथी आपल्या जागेवरून उठून गेला, तर अपराधाचा धनी कोण?

अशा वाहनाचे नाव निघाले की आपल्याकडे पुष्पक विमानाची आठवण निघणारच. रामाने अयोध्येस पोहोचल्यावर आज्ञा करताच ते विमान एकटेच कुबेराकडे परत गेले, असे वाल्मीकींनी सांगितले आहे. पण वाटेत पुष्पकाने कोणास धक्का दिला असता तर जाब कुबेराने द्यावा की रामाने, हा प्रश्न रामायणात उद्भवत नाही. आकाशात गर्दी नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ती होती, आणि तेथे हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. १९२५ च्या जुलै महिन्यात हाउडिना नावाच्या एका कंपनीने बिनतारी संदेशांनी चालविलेली एक रिकामी मोटार त्या रस्त्यावरून नेऊन दाखविली. तिला हाकणारा मनुष्य मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत होता. प्रयोग चालू असता ती मोटार दुसऱ्या एका मोटारीवर जाऊन आदळली. आणि मौज ही की, त्या मोटारीत हा चमत्कार टिपण्यासाठी आलेले छायाचित्रकारच बसलेले होते.

पुढे १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स या कंपनीने 'फ्युचरामा' नावाचा देखावा मांडला. त्याचे रचनाकार नॉर्मन बेल गेडिस यांनी १९६० सालच्या अमेरिकेची प्रतिकृती उभी केली होती आणि तीत रुंद, एकमेकांना न छेदणारे महामार्ग होते. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी असे भाकीत केले की, १९६० च्या मोटारींत व रस्त्यांतच अशी साधने असतील की ती माणसाच्या हातून होणाऱ्या चुका सुधारतील. चूक माणसाची आणि दुरुस्ती यंत्राची, ही वाटणी तेव्हापासून पक्की झाली. ती पुढे अनेक वर्षे कोणी तपासून पाहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचा आणि दूरचित्रवाणीचा प्रसार बरोबरीने झाला. १९५६ च्या जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. त्याच एका वर्षात त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत ३७ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या संहाराने अस्वस्थ झालेल्या माणसांत एक नाव असे आहे की ते या कथेत येईल अशी कोणाची अपेक्षा नसावी. ते म्हणजे व्लादिमिर झ्वॉरिकिन. रशियात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने चित्रे टिपणारी व उमटविणारी नलिका सिद्ध केली आणि आधुनिक दूरचित्रवाणीच्या जनकांत त्यांची गणना होते. आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असता, रस्त्याखाली तारा पुरून त्यांच्या आधारे मोटारीला दिशा व वेग देण्याची कल्पना त्यांनी पुढे आणली. १९५३ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या जमिनीवर एक खेळण्याएवढी मोटार तारेच्या अनुरोधाने चालवून दाखविली. १९५७ च्या ऑक्टोबरात नेब्रास्का राज्यातील लिंकन शहराजवळ ४०० फूट लांबीच्या खऱ्याखुऱ्या रस्त्याच्या तुकड्यात अशी मंडले पुरण्यात आली, आणि पुढील वर्षी जनरल मोटर्सने मिशिगनमधील आपल्या आवारात तारेच्या मार्गदर्शनाने एक मोटार सुमारे मैलभर चालविली. म्हणजे ज्याच्या बुद्धीने माणसाला पडद्यापुढे बसविले, त्याच गृहस्थाने त्याला स्टिअरिंगच्या चाकापासूनही मोकळे करण्याची खटपट केली. पुढे या दोन गोष्टी एकमेकींना कोठे आणि कशा भेटणार होत्या, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

नेब्रास्कातील त्या प्रयोगानंतर सातच महिन्यांनी हे स्वप्न पडद्यावर आले. १४ मे १९५८ रोजी वॉल्ट डिस्ने यांच्या साप्ताहिक कार्यक्रमात 'मॅजिक हायवे यू. एस. ए.' नावाचा भाग दाखविण्यात आला. त्याचे दिग्दर्शक होते वॉर्ड किंबॉल. पूर्वार्ध रस्त्यांच्या इतिहासाचा आहे आणि तो आज पाहणाऱ्यास जरा कंटाळवाणा वाटेल. परंतु शेवटची काही मिनिटे, जी सारी चित्रांनी हलविलेली आहेत, ती मात्र अपूर्व आहेत. रस्ता आतून तापविलेला असल्यामुळे त्यावर पाऊस किंवा बर्फ साचत नाही. धुक्यात समोरच्या काचेवर पुढील रस्त्याचे चित्र उमटते. प्रवाशाने आपल्या गावाचा रंग ओळखून त्या रंगाच्या पट्ट्यावरून जावयाचे असते. एक कुटुंब घरून निघते. वडील बटणे दाबून मार्ग निवडतात आणि त्यानंतर मोटारीची सारी सूत्रे विद्युत्-यंत्रणा हाती घेते. हाती काहीच काम न उरल्यामुळे सारे कुटुंब निवांत बसते, आणि वडील चालत्या गाडीतच दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून कचेरीतील बैठक उरकून घेतात. शहर आले की गाडीचेच दोन भाग होतात. एक भाग वडिलांना कचेरीत नेतो, दुसरा आईला व मुलाला बाजारपेठेत.

हे सारे मनोहर आहे; आणि त्यातील पडद्यावरच्या बैठकीची गोष्ट तर अक्षरशः खरी ठरली. पण या चित्रात एक गोष्ट डोळ्यांत भरण्याइतकी गैरहजर आहे. तेथे पायी चालणारा मनुष्य नाही. सायकल नाही. चेंडूमागे रस्त्यावर धावत आलेले पोर नाही. रस्ता हाच गाडीचा मेंदू, आणि त्या रस्त्यावर गाड्यांखेरीज दुसऱ्या कोणास प्रवेशच नाही, असे एकदा धरून चालले की अपघाताचा आणि म्हणून अपराधाचाही प्रश्न उरत नाही. हे केवळ भोळेपण होते असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा संसार जाहिरातींवर चाले आणि मोटारी करणाऱ्या कंपन्या या तिच्या मोठ्या आश्रयदात्या होत्या. गायिका डायना शोअर यांच्या कार्यक्रमाच्या नावातच शेव्होर्ले गाडीचे लाडके नाव गुंफलेले असे. अशा घरात मोटारीविषयी वाकडे बोलणे सोपे नव्हते.

ते बोलले गेले भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या आडून. 'ट्वायलाइट झोन' ही मालिका १९५९ ते १९६४ या काळात चालली. तिचे जनक रॉड सर्लिंग यांच्या ध्यानी एक मर्म आले होते. उघडपणे सांगितली तर जाहिरातदारांना रुचणार नाही अशी गोष्ट परग्रहावर किंवा स्वप्नात घडवून आणली, तर ती निर्वेधपणे घरोघर जाते. २८ ऑक्टोबर १९६० च्या भागात त्यांनी बार्टलेट फिंचली नावाचा एक तुसडा, एकलकोंडा लेखक रंगविला. त्याला यंत्रांचा तिटकारा आणि यंत्रांना त्याचा. टंकलेखनयंत्र आपोआप चालून त्याला घराबाहेर निघून जाण्याचा हुकूम देते, दाढीचे विजेचे यंत्र सापासारखे जिना उतरते, आणि शेवटी त्याचीच रिकामी मोटार पाठलाग करीत त्याला पोहण्याच्या हौदात लोटते. कथा भीतिदायक खरी, पण तिच्यात नैतिक पेच असा काही नाही. फिंचली उद्धट आहे एवढाच त्याचा गुन्हा, आणि उद्धटपणाला बुडून मरण्याची शिक्षा म्हणजे फारच झाली!

'यू ड्राइव्ह' याहून पुष्कळ सरस उतरले. त्यातील नायक ऑलिव्हर पोप हा दुष्ट नाही. तो तुमच्याआमच्यासारखा एक कचेरीतला अधिकारी आहे. पावसाच्या एका संध्याकाळी, कचेरीतील प्रतिस्पर्ध्याच्या विचारात गढून गेलेला असता, त्याच्या गाडीखाली सायकलवरून वर्तमानपत्रे टाकणारा एक पोरगा सापडतो. पोप क्षणभर थांबतो, पाहतो आणि पळ काढतो. पोरगा पुढे मरण पावतो. पोपच्या मनाला टोचणी लागते असे मात्र दिसत नाही. टोचणी लागते ती गॅरेजातील मोटारीला. ती रात्री-अपरात्री हॉर्न वाजविते, दिवे लावते. पोपची बायको तिला घेऊन बाहेर पडते तेव्हा ती नेमकी त्या अपघाताच्या चौकात जाऊन अडून बसते. इकडे एका साक्षीदाराच्या चुकीने संशय त्या प्रतिस्पर्ध्यावर येतो आणि पोप मनातून सुखावतो. कथेतील सर्वांत काळी जागा ही आहे. त्यानंतर पोप पायीच कामावर निघतो आणि आरंभी सांगितलेला तो पाठलाग सुरू होतो.

या कथेतील मोटार सूड घेत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिला पोपला चिरडता आले असते. ती थांबते, आणि त्याला कबुली देण्यासाठी घेऊन जाते. डिस्नेच्या मोटारीने माणसाच्या हातून सुकाणू काढून घेतले ते त्याला आराम मिळावा म्हणून. हॅम्नर यांच्या मोटारीने ते काढून घेतले ते त्याने जबाबदारी टाकून पळू नये म्हणून. वास्तविक अपघात झाला तेव्हा गाडी पोपच हाकीत होता आणि गाडी हे निव्वळ एक हत्यार होते. तरीही कथेत लाज वाटते ती हत्याराला. माणसाने टाकून दिलेला विवेक यंत्राने उचलून घेतला, ही कल्पना विज्ञानाच्या दृष्टीने पोकळ असेल. पण सहा वर्षांपूर्वीच्या त्या चकचकीत महामार्गापेक्षा ती सत्याच्या अधिक जवळ होती.

त्यानंतरची काही वर्षे खेळकरपणाची गेली. १९६५ मध्ये एन. बी. सी. ने 'माय मदर द कार' नावाची विनोदी मालिका आणली. तीत एका वकिलाची दिवंगत आई १९२८ सालच्या जुन्या मोटारीच्या रूपाने पुन्हा जन्म घेते आणि मुलाला उपदेश करीत राहते. पुनर्जन्माची कल्पना अमेरिकनांच्या पचनी पडली नाही की विनोद, कोण जाणे. एकाच हंगामात मालिका आटोपली. बी. बी. सी. च्या 'डॉक्टर हू' मध्ये १९७१ साली एक गमतीचा प्रसंग आहे. डॉक्टरची सहायिका जो हिचा जादूवर विश्वास. तेव्हा डॉक्टरची पिवळी मोटार 'बेसी' कोणी आत नसता चालू लागते आणि जो थक्क होते. मग डॉक्टर हातातील लहानसे नियंत्रक तिला दाखवितो. त्याच सुमारास इंग्लंडातील रस्ते-संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा पुरलेल्या तारांवरून एक सित्रोएन मोटार चालकाच्या हाताशिवाय ताशी ८० मैलांनी पळवीत होती. जादू आणि विज्ञान यांच्यात अंतर राहिले होते ते इतकेच.

१९८२ मध्ये सुरू झालेली 'नाइट रायडर' ही मालिका या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय. तिची काळी, बोलकी मोटार 'किट' जगभर मुलांच्या ओळखीची झाली. पडद्यावर ती रिकामी धावताना दिसे तेव्हा प्रत्यक्षात आसनाच्या पोकळ खोळीत एक कसबी चालक दडून बसलेला असे. दूरचित्रवाणीवरील चालकविरहित मोटारीला चालक लागतच होता. फक्त तो दिसता कामा नये, एवढीच अट होती. परंतु या मालिकेचे खरे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे. १९८२ च्या नोव्हेंबरातील एका भागात किटचा ज्येष्ठ भाऊ अवतरतो. त्याच्या नावाचा उच्चार 'कार' असाच होतो. दोघांची घडण एकच, वेग एकच. भेद एवढाच की, किटला माणसाचा जीव वाचविण्याची शिकवण दिलेली आहे आणि 'कार'ला स्वतःचा. शेवटी दोन्ही मोटारी समोरासमोर एकमेकींवर धावून येतात. जीव वाचविण्याच्या नादात 'कार' ऐनवेळी बाजूला वळते आणि कड्यावरून समुद्रात कोसळते. मुलांच्या करमणुकीसाठी रचलेला प्रसंग खरा; पण संकटाच्या क्षणी गाडीने प्रथम कोणाला वाचवावे, हे ती बनविणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते, ही गोष्ट त्यातून जितकी स्वच्छ सांगितली गेली तितकी ती पुढे अनेक विद्वत्सभांतही सांगितली गेली नसेल.

खरी मोटार मात्र या सर्वांहून निराळ्या वाटेने आली. रस्त्याला शहाणे करण्याचा अखेरचा मोठा प्रयत्न १९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ झाला. साडेसात मैलांच्या रस्त्यात लोहचुंबक पुरून त्यावरून मोटारींची माळ चालविली गेली. पण देशभरचे रस्ते उखडण्याचा खर्च कोण सोसणार? त्यानंतर शहाणपण गाडीतच भरावयाचे ठरले. २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने मोहावेच्या वाळवंटात अशा गाड्यांची दीडशे मैलांची शर्यत लावली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडीही साडेसात मैलांच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी मार्ग पुरा केला. २०२० पासून फीनिक्स शहराच्या परिसरात चालकाची जागा रिकामी असलेल्या मोटारी सर्वसामान्यांसाठी भाड्याने मिळू लागल्या.

जुन्या दूरचित्रवाणीने एका माणसाचा विचार मुळीच केला नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. तो म्हणजे पगारी चालक. अमेरिकेतील त्या कथांत गाडी हाकणारा हा गाडीचा मालकच असे, म्हणून त्याची जागा रिकामी झाली तर त्याला विश्रांती मिळे. आपल्याकडे ती जागा रिकामी होणे याचा अर्थ एका घरची चूल बंद होणे असा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१७ मध्ये अशा मोटारींना भारतात परवानगी दिली जाणार नाही असे याच कारणासाठी जाहीर केले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात त्याचा पुनरुच्चार केला. महाभारतात शल्यासारखा राजा कर्णाचे सारथ्य पत्करावयास नाखूष होता, कारण ते काम त्याला हलके वाटले. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला तसे वाटून चालत नाही.

हॅम्नर यांच्या कथेला चोपन्न वर्षे झाल्यानंतर, १८ मार्च २०१८ च्या रात्री, ॲरिझोना राज्यातील टेम्पे या गावी एक स्त्री सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. एका कंपनीची स्वयंचलित मोटार तेथे चाचणीसाठी धावत होती. तिच्या धडकेने त्या स्त्रीचा मृत्यू झाला. अशा मोटारीखाली पायी चालणारा मनुष्य बळी पडल्याची ही पहिली नोंद. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढील वर्षी दिलेल्या अहवालाप्रमाणे, यंत्राला धडकेपूर्वी ५.६ सेकंद समोर काहीतरी असल्याची चाहूल लागली होती. पण ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याविषयी त्याचे मत क्षणोक्षणी पालटत राहिले. वाटेल तेथून रस्ता ओलांडणारा मनुष्य त्याच्या रचनेत गृहीतच धरलेला नव्हता. डिस्नेच्या चित्रात तो नव्हता, तसाच येथेही नव्हता.

गाडीत एक माणूस होता. यंत्र चुकले तर गाडी सावरण्यासाठी कंपनीने एक स्त्री चालकाच्या जागी बसविली होती. त्या वेळी तिच्या भ्रमणध्वनीवर दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम चालू होता आणि तिची दृष्टी वारंवार तिकडे जात होती. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच कळविले. खटला त्या स्त्रीवर झाला. जुलै २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, आणि न्यायालयाने तिला तुरुंगात न पाठविता तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली.